वाचकांचे प्रश्न : मुलांची जिद्द मोजताना

गेल्या दोन महिन्यांत शालेय मुलांच्या संपादन प्रेरणेविषयी, म्हणजे काही चांगले करून दाखवण्याच्या आंतरिक ओढीविषयी, बरीच पत्रे आली. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातला प्रश्न आज पुण्याच्या अनेक शाळांचा आहे.

प्रश्न : येरवडा भागातील एका माध्यमिक शाळेत मी नववीच्या वर्गाला शिकवते. शाळा मराठी माध्यमाची आहे, पण माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी मराठी बोलली जात नाही. कोणाकडे वडारी, कोणाकडे दखनी, कोणाकडे तेलुगू किंवा कन्नड, तर बांधकामाच्या कामासाठी आलेल्या कुटुंबांत हिंदी आणि भोजपुरी. या वर्षी शाळेने संपादन प्रेरणेच्या एका तयार कसोटीचा मराठी अनुवाद करून घेतला आणि तो सर्व तुकड्यांना दिला. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांचे सरासरी गुण बरेच वर आले, आणि शिक्षकांच्या सभेत ‘बाकीच्यांना मुळात पुढे जाण्याची इच्छाच नाही’ असा निष्कर्ष निघाला. मला तो पटत नाही, परंतु आकड्यांपुढे काय बोलावे ते सुचत नाही. — एक शिक्षिका, पुणे

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, आणि तिला केवळ मुलांविषयीच्या मायेचा नव्हे, तर मापनशास्त्राचाही आधार आहे. दोन गटांची सरासरी वेगळी आली एवढ्यावरून त्यांची प्रेरणा वेगळी ठरत नाही. दोन्ही गटांत त्या कसोटीने एकच गोष्ट, एकाच मापाने मोजली, हे आधी दाखवावे लागते. तुमच्या शाळेने ते दाखवलेले नाही. बहुतेक शाळा ते दाखवत नाहीत, हेही खरे.

मोजायचे काय होते ते प्रथम पाहू. संपादनाची गरज ही कल्पना हेन्री मरे यांनी १९३८ मध्ये मांडली आणि डेव्हिड मॅक्लेलंड, जॉन अ‍ॅटकिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ पर्यंत तिला मोजता येईल असे रूप दिले. त्यांची पद्धत अशी की व्यक्तीला चित्र दाखवायचे, त्यावर गोष्ट लिहायला सांगायची आणि काम उत्तम करण्याची ओढ त्या गोष्टीत किती डोकावते, याला ठरावीक नियमांनी गुण द्यायचे. आपल्या देशात प्रयाग मेहता यांनी १९६० च्या दशकात हायस्कूलच्या मुलांमधील या प्रेरणेचा अभ्यास केला. पण गोष्टी तपासायला शिकवून तयार केलेला माणूस लागतो आणि वेळही फार जातो, म्हणून पुढे विधाने वाचून सहमत-असहमत अशी खूण करायच्या प्रश्नावल्या रूढ झाल्या. प्रतिभा देव आणि आशा मोहन यांची ५० विधानांची कसोटी आपल्याकडील प्रबंधांत वारंवार दिसते. प्रश्नावली सोयीची असते, मात्र तिच्या पोटात एक गृहीत दडलेले असते : प्रत्येक मूल विधान वाचते तेव्हा त्याला तोच अर्थ लागतो. तुमच्या वर्गात हे गृहीत पहिल्याच पानावर कोसळते.

‘यश’ हाच शब्द घ्या. मराठी मुलाला यश म्हणजे हाती घेतलेले काम साधणे, परीक्षेत चांगले गुण पडणे. हिंदीत ‘यश’ म्हणजे कीर्ती, आणि आपण ज्याला यश म्हणतो त्याला तेथे ‘सफलता’ म्हणतात. आपला ‘अभ्यास’ म्हणजे पुस्तक उघडून बसणे, हिंदीतला ‘अभ्यास’ म्हणजे सराव. ‘तिने ईर्षेने अभ्यास केला’ हे मराठीत कौतुकाचे वाक्य आहे, पण हिंदी घरातून आलेल्या मुलीला त्यात मत्सर दिसतो, आणि ती ‘पूर्णपणे असहमत’वर खूण करून मोकळी होते. उलट दिशेने होणारी फसगत अधिक मजेदार असते. हिंदी कसोटीवरून घाईने अनुवाद करणाऱ्या एका विद्यार्थ्याने ‘मी प्रत्येक कामात पूर्ण चेष्टा करतो’ हे विधान तसेच ठेवलेले मी पाहिले आहे. वर्गातल्या वात्रट मुलांनी त्याला अगदी प्रामाणिकपणे सहमती दर्शवली आणि त्यांची प्रेरणा कागदावर भलतीच उंच निघाली.

भाषेपेक्षा खोल असलेला अडसर मूल्यांचा आहे. ‘मला इतरांच्या पुढे जायला आवडते’ असे एखादे विधान अशा बहुतेक कसोट्यांत असते. आपल्याच भाषेत ‘पुढे पुढे करणे’ हा दोष मानला जातो, मुलींच्या बाबतीत तर अधिकच. ज्या घरात सगळे मिळून कमावतात आणि सगळे मिळून भागवतात, तेथील मूल ‘मला भावाच्या फीपुरते कमवता यावे इतके शिकायचे आहे’ असे म्हणेल, ‘मला सर्वांना मागे टाकायचे आहे’ असे म्हणणार नाही. तैवानमधील मानसशास्त्रज्ञ कुओ-शू यांग यांनी व्यक्तिकेंद्री आणि समाजकेंद्री अशा दोन प्रकारच्या संपादन प्रेरणा वेगळ्या केल्या, त्या याच कारणाने. गिरीश्वर मिश्र आणि रेखा अग्रवाल यांनीही १९८० च्या दशकात भारतीयांच्या दृष्टीने संपादन म्हणजे काय याचा शोध घेतला, तेव्हा चांगला माणूस होणे आणि कर्तव्य पार पाडणे यांसारखी सामाजिक ध्येयेही त्यात ठळकपणे दिसली. तुमच्या कसोटीत फक्त पहिल्या प्रकारची विधाने असतील, तर दुसऱ्या प्रकारची जिद्द असलेले मूल तिच्यात निरिच्छ ठरणार.

तिसरी गोष्ट परिस्थितीची. ‘सुट्टीच्या दिवशीही मी नेमून दिलेल्यापेक्षा अधिक अभ्यास करतो’ या विधानाने प्रेरणा मोजली जाते की मोकळा वेळ? रविवारी वडिलांच्या हातगाडीवर उभा राहणारा मुलगा त्याला खरेपणाने ‘नाही’ म्हणतो आणि त्याच्या खरेपणाचे गुण वजा होतात.

आता थोडे उत्तरे देण्याच्या सवयींविषयी. काही मुले बाईंना बरे वाटावे म्हणून सर्वच विधानांना सहमती देतात, काही पाचांपैकी मधल्याच खान्यात राहतात, काहींना टोकाची खूण करायला आवडते, आणि या सवयी घराघरांतून वेगळ्या असतात. शिवाय ‘मी खूप मेहनत करतो’ असे म्हणताना मूल स्वतःला कोणाशी तरी ताडून पाहत असते. स्टीव्हन हाइन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे नेमके दाखवले : माणूस आपल्या भोवतालच्या लोकांशी तुलना करून उत्तर देतो, त्यामुळे दोन समाजांतील खरा फरक प्रश्नावलीत पुसला जातो किंवा चक्क उलटा दिसतो. पहाटे पाण्याच्या रांगेत उभे राहून शाळेत येणारी मुलगी, तिची आई त्याआधी दोन घरची कामे करून येते म्हणून, स्वतःला आळशी समजू शकते.

रोझलिन मिकेल्सन यांचा १९९० चा अमेरिकेतील अभ्यास तुमच्या सहकाऱ्यांना अवश्य सांगा. तेथील कृष्णवर्णीय किशोरांची शिक्षणावर मोठी निष्ठा दिसे आणि गुण मात्र कमी पडत, याचे कोडे कोणाला सुटत नव्हते. मिकेल्सन यांनी दोन प्रकारची विधाने वेगळी केली. एक प्रकार ‘शिक्षणाने माणूस मोठा होतो’ या धाटणीचा, म्हणजे सुविचार म्हणून सर्वांना मान्य होणारा. दुसरा प्रकार स्वतःच्या घरात आणि वस्तीत प्रत्यक्ष जे पाहिले त्याविषयीचा : आपल्या माणसांना शिक्षणाचे योग्य फळ मिळाले का? गुणांशी संबंध दिसला तो दुसऱ्या प्रकाराचा. आपल्याकडील कसोट्या पहिल्या प्रकारच्या विधानांनी भरलेल्या असतात. ज्या मुलाचा चुलतभाऊ पदवी घेऊनही घरोघरी पार्सल पोहोचवतो, त्याला दुसऱ्या प्रकारचा प्रश्न कोणी विचारतच नाही. आणि ‘त्या समाजाला इच्छाच नाही’ या वाक्याविषयी सांगायचे तर, सँड्रा ग्रॅहम यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतील शंभराहून अधिक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कृष्णवर्णीय मुलांत प्रेरणेची उणीव असल्याच्या समजुतीला आधार मिळाला नाही. अनेक अभ्यासांत वंशाचा फरक आणि गरिबीचा फरक एकमेकांत मिसळून गेला होता, ही त्यांची तक्रार आपल्यालाही लागू पडते.

मग आता काय करावे? निकाल फेकून देऊ नका, पण गटांच्या सरासरीवरून नजर काढून विधानांकडे वळवा. कोणत्या विधानांवर फरक मोठा पडला आहे ते पाहा. माझा अंदाज असा की पन्नासांपैकी आठ-दहा विधानांनीच बहुतेक दरी निर्माण केलेली असेल. मग प्रत्येक घरभाषेची सहा-सात मुले निवांत बसवा आणि ते विधान त्यांना त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. ‘तुला काय कळले?’ एवढाच प्रश्न. बरोबर-चूक करू नका, आणि शक्य असेल तर वर्गशिक्षकाऐवजी दुसऱ्या कोणी तरी विचारावे. या एका दुपारच्या कामातून जे हाती लागते ते संगणकातून काढलेल्या तक्त्यांत सापडत नाही.

आणखी एक. प्रश्नावलीच्या डोक्यावर जात, धर्म, प्रवर्ग यांचे रकाने असतील तर ते शेवटी न्या. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर केली नाही तेव्हा वरच्या व खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी जवळपास सारखी होती. सर्वांसमोर नाव आणि जात वाचून दाखवल्यावर खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील मुलांची कामगिरी घसरली. कागदावरचा रकाना म्हणजे जाहीर पुकारा नव्हे, हे मान्य, पण तो पहिल्या ओळीत ठेवण्याचे काही कारणही नाही. सभेत तुम्ही एवढेच म्हणा की या कसोटीचे गुण आपल्या वर्गातल्या भाषिक गटांची तुलना करण्यास अद्याप योग्य ठरलेले नाहीत. यात कोणावर आरोप नाही, आणि ते शब्दशः खरे आहे.

प्रश्न : मी एम.एड.ची विद्यार्थिनी आहे. पुण्यातील चार शाळांतील नववी-दहावीच्या २४० विद्यार्थ्यांवर मी संपादन प्रेरणेची प्रश्नावली वापरली. त्यांचे खुला, अनुसूचित जाती, भटक्या जमाती आणि धार्मिक अल्पसंख्याक असे चार गट करून अ‍ॅनोव्हा लावणार आहे, म्हणजे गटांच्या सरासरीतील फरक संख्याशास्त्राने तपासणार आहे. विश्वसनीयता गुणांक ०.८२ आला आहे. शीर्षकात ‘वांशिक विविधता’ हा शब्द घालावा, असे मार्गदर्शकांचे मत आहे. एवढी तयारी पुरेशी आहे का?

उत्तर : शीर्षकापासून सुरुवात करू, कारण घोटाळा तेथेच आहे. ‘वांशिक’ गट ही परदेशी संशोधनातील विभागणी त्या-त्या देशाच्या इतिहासातून आली आहे. आपल्या शाळेतली विविधता जात, धर्म, घरभाषा, स्थलांतर आणि शाळेचे माध्यम अशा पाच-सहा धाग्यांची आहे, आणि हे धागे एकमेकांत गुंतलेले असले तरी एकच नाहीत. तुमचे चार गट शासकीय प्रवर्गांवरून पडले आहेत. प्रवर्ग हा सवलतींच्या व्यवस्थेसाठी आखलेला असतो, मुलाच्या मनाचा तो नकाशा नव्हे. भटक्या जमातींच्या रकान्यात धनगर मुलगाही येतो आणि गोसावी मुलगाही, आणि त्यांची घरे, भाषा, शाळेशी असलेले नाते यांत फार थोडे साम्य असू शकते. तेव्हा घरी बोलली जाणारी भाषा, पुण्यात राहून झालेली वर्षे, आई-वडिलांचे शिक्षण आणि पूर्वीच्या शाळेचे माध्यम हे चार प्रश्न वेगळे विचारा. शीर्षकात ‘सामाजिक व भाषिक पार्श्वभूमी’ असे लिहिलेत तर मार्गदर्शकांनाही हरकत नसावी.

०.८२ हा आकडा बरा आहे, पण तो सर्व २४० मुलांचा मिळून आहे. तो प्रत्येक गटासाठी वेगळा काढा. एकत्रित ०.८२ च्या आड एखाद्या गटाचा ०.५५ लपलेला असणे अशक्य नाही. शिवाय विश्वसनीयता म्हणजे विधाने एकमेकांशी जुळतात एवढेच. ती प्रेरणाच मोजतात की मराठीचे आकलन मोजतात, हे तिच्यावरून कळत नाही. ते सप्रमाणतेचे काम आहे.

गटांच्या सरासरीची तुलना करण्यापूर्वी तीन पायऱ्या चढाव्या लागतात. त्या मी बाजारातल्या भाषेत सांगतो. पहिली पायरी : दोन्ही दुकानांत एकच माल तोलला जातो आहे का? म्हणजे सर्व गटांत विधाने त्याच घटकांत विभागली जातात का, हे घटक विश्लेषणाने पाहायचे. दुसरी : दोन्हीकडचा शेर सारखा आहे का? पूर्वी गावोगावचा शेर वेगळा असे. तसेच एखादे विधान एका गटात प्रेरणेशी घट्ट बांधलेले आणि दुसऱ्यात सैल असू शकते. तिसरी पायरी पासंगाची. तराजू रिकामा असतानाच एक पारडे खाली झुकलेले असेल, तर माल कितीही खरा तोला, आकडा खोटाच येणार. समान प्रेरणा असलेल्या दोन गटांतील मुले एखाद्या विधानाला सुरुवातीपासूनच वेगवेगळ्या उंचीवरून उत्तर देत असतील, तर तो पासंग झाला. दुसऱ्या पायरीपर्यंत पोहोचलात तर प्रेरणा आणि गुण यांच्या संबंधाची तुलना गटागटांत करता येते. सरासरीची तुलना मात्र तिसऱ्या पायरीनंतरच. अ‍ॅनोव्हा ही तिसरी पायरी चढून झाली आहे असे मुकाट गृहीत धरते. पासंग दोन-चार विधानांतच सापडला तर ती बाजूला ठेवून पुढे जाण्याची सोय आहे, सगळा प्रबंध बुडत नाही.

पण तुमच्याकडे गटागणिक सरासरी ६० मुले आहेत, आणि या विश्लेषणाला ती तोकडी पडतात. गटामागे दोनशेच्या आसपास मुले असती तर निभावले असते. त्याहून मोठी अडचण शाळांची आहे. अल्पसंख्याक गटातील बहुतेक मुले एकाच उर्दू माध्यमाच्या शाळेतली असतील, तर जो फरक दिसेल तो समाजाचा, माध्यमाचा की त्या शाळेतल्या शिक्षकांचा, हे कोणतेही संख्याशास्त्र वेगळे करून देणार नाही. माझा सल्ला असा की चार गटांची तुलना सोडा आणि दोन घरभाषा, एकाच माध्यमाच्या शाळा, असा लहान पण नेटका प्रश्न घ्या. प्रबंध छोटा दिसेल, मात्र तोंडी परीक्षेत तुम्हाला उभे राहता येईल.

अनुवाद नव्याने करणार असाल तर रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये सविस्तर मांडलेली उलट अनुवादाची पद्धत वापरा : एकाने मराठीत आणावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत मूळ भाषेत न्यावे, मग दोन्ही ताडून पाहावीत. हीही पद्धत अपुरी पडते, कारण दोन्ही अनुवादक शिकलेले असतात आणि नववीतल्या मुलाला अडणारा शब्द त्यांना अडत नाही. वर पहिल्या उत्तरात सांगितलेली मुलांशी बोलण्याची दुपार तुम्हालाही चुकणार नाही. विविध समाजांसाठी मुद्दाम घडवलेले साधन पाहायचे असेल तर ऑस्ट्रेलियाचे डेनिस मॅकइनर्नी यांची शालेय प्रेरणेची प्रश्नावली अभ्यासा. आदिवासी ऑस्ट्रेलियन, अमेरिकेतील नवाहो आणि इंग्रजी वंशाची मुले यांच्यावर ती वापरली गेली आहे. तिच्यात स्पर्धेबरोबरच इतरांची काळजी, गटात मिळून काम करणे अशी ध्येयेही मोजली जातात. त्यांना या गटांत फरकापेक्षा साम्यच अधिक आढळले, हे तुमच्या गृहीतकाची भाषा ठरवताना लक्षात ठेवा.

आणि पालकांची संमती लेखी घ्या. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील सर्वजण बालक धरले आहेत. मुख्याध्यापकांच्या सहीवर काम भागवण्याची आपली जुनी सवय आता सोडायला हवी. प्रवर्गाची माहिती नावाशी जोडून ठेवू नका, तिला क्रमांक द्या.

प्रश्न : आम्ही सिंहगड रस्त्यावर राहतो. आठवीतल्या मुलाच्या शाळेतून मानसशास्त्रीय चाचणीचा अहवाल आला आहे आणि त्यात ‘संपादन प्रेरणा : निम्न’ असा शेरा आहे. आमचे घर मूळचे गुलबर्ग्याकडचे, घरी कन्नड बोलतो, मुलगा इंग्रजी शाळेत जातो. तो अभ्यासात टाळाटाळ करतो हे खरे, पण या शेऱ्याने त्याची आई फार खचली आहे. हा शेरा कायमचा समजायचा का?

उत्तर : नाही. या प्रेरणेवर आयुष्यभर काम करणाऱ्या मॅक्लेलंड यांनीच १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्यात मोठ्या वयाच्या व्यावसायिकांना प्रेरणेचे प्रशिक्षण दिले होते, ते ती बदलू शकते या विश्वासानेच. तुमचा मुलगा तर तेरा-चौदा वर्षांचा आहे.

‘निम्न’ हा शब्द नेहमी कोणाच्या तरी तुलनेत असतो. कसोटीची प्रमाणके, म्हणजे तुलनेसाठी धरलेले गुण, ज्या मुलांवरून ठरवली, त्यांच्यात घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि रस्त्यावर तिसरी बोलणारी मुले होती का, आणि ती प्रमाणके किती वर्षांपूर्वीची आहेत, हे शाळेच्या समुपदेशकांना शांतपणे विचारा. मुलाने चाचणी कोणत्या परिस्थितीत दिली तेही विचारा, कारण शेवटच्या तासाला, बस सुटायच्या घाईत भरलेल्या प्रश्नावलीत कोणीही निरिच्छ दिसेल. एका चाचणीच्या एका शेऱ्यावर कोणताही निर्णय घेऊ नये, हे त्यांनाही मान्य असायला हवे.

जॅकलिन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून मांडलेली एक साधी चौकट घरी उपयोगी पडेल. मूल एखाद्या कामाला लागते ते दोन गोष्टींवर : हे मला जमेल असे वाटते का, आणि हे करण्याजोगे वाटते का. त्यात आवड, उपयोग आणि त्या कामासाठी काय सोडावे लागेल याचा हिशेबही येतो. हे प्रत्येक विषयासाठी वेगळे असते. गणिताला टाळणारा मुलगा शाळेच्या ढोल-लेझीम पथकाच्या सरावाला महिनाभर एकही दिवस न चुकता, वेळेच्या आधी पोहोचतो, हे पुण्यात तरी नवीन नाही. तुमचा मुलगा कोठे असा पोहोचतो ते पाहा. तेथे त्याला काय मिळते, हे त्याला कन्नडमध्ये विचारा, अहवालाचा विषय न काढता. आईने विचारले तर अधिक बरे.